तेरा ओळींचा फरक

दिवाळीचं फरक बिल काढताना संगणकावर काय घडू शकतं, याचा हा तासातासाचा घटनाक्रम. यातली दूध संस्था प्रातिनिधिक आहे आणि आकडे गणित उलगडून दाखवण्यासाठी मांडले आहेत. चुका मात्र नेहमीच्या आहेत. एसक्यूएलमध्ये तीन-चार टेबलं जोडून बिल, पगार किंवा अनुदान काढणाऱ्या कोणत्याही कार्यालयात त्या होऊ शकतात आणि एक चूक दुसरीला झाकते तेव्हा त्या सहज नजरेतून सुटतात. या एकोणीस तासांत प्रत्येक टप्प्यावर संगणक ओळींची संख्या दाखवत होता. धोक्याची सूचना त्या संख्येतच होती.

दुपारी ४.०० (१९ तास शिल्लक)

उद्या वसुबारस. वर्षभर घातलेल्या दुधाचा दरफरक उद्या सकाळी अकरा वाजता खात्यात जमा होईल, असं प्रत्येक संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहिलं आहे. सभासद ४,२१८. संचालक मंडळाने २ कोटी ६५ लाख रुपयांपर्यंतच्या वाटपाला मंजुरी दिली आहे. या पैशांवर घराघरांतला किराणा, पोरांचे कपडे आणि दुकानदाराची उधारी ठरलेली आहे.

गेल्या वर्षी काम सोपं होतं. दर एकच होता, कपात नव्हती आणि बँक खात्याचा नंबर सभासदांच्या टेबलातच होता. यंदा गाईच्या दुधाला लिटरमागे २ रुपये आणि म्हशीच्या दुधाला ३ रुपये असा वेगळा फरक आहे. पशुखाद्याची उधारी, उचल आणि जनावरांच्या विम्याचा हप्ता याच बिलातून वळता करायचा आहे. बँक खाती आता स्वतंत्र टेबलात आहेत. म्हणजे सभासद, वार्षिक संकलन, कपात आणि खाते अशी चार टेबलं जोडायची आहेत.

संगणक विभागातली प्रोग्रामर गेल्या वर्षीची क्वेरी उघडते आणि तिच्यात एकेक जॉइन वाढवायला घेते. सुरुवात बरोबर आहे. फक्त एक प्रश्न विचारायचा राहतो: निकालातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? या बिलात एक ओळ म्हणजे एक सभासद. म्हणून उत्तर ४,२१८ ओळींचंच यायला हवं, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. हे वाक्य क्वेरीच्या डोक्यावर टिप्पणी म्हणून लिहायला दहा सेकंद लागतात. ते लिहिलेलं नसेल तर पुढे येणारी प्रत्येक संख्या कशाशी ताडून पाहायची, हेच ठरलेलं नसतं.

सायंकाळी ६.३० (१६ तास ३० मिनिटं शिल्लक)

सभासद टेबलाला वार्षिक संकलनाचं टेबल सभासद कोडवर जोडलं. ४,२१८ ओळींच्या ५,०३६ झाल्या.

ही वाढ रास्त आहे. संकलनाच्या टेबलात प्रत्येक दूधप्रकाराची वेगळी ओळ असते आणि ८१८ सभासद गाय व म्हैस दोन्हींचं दूध घालतात. ४,२१८ अधिक ८१८ म्हणजे ५,०३६. हिशेब तंतोतंत जुळतो.

पण इथे एका ओळीचा अर्थ बदलला. आधी ती ‘एक सभासद’ होती, आता ‘एका सभासदाचा एक दूधप्रकार’ झाली. जॉइन दुसऱ्या टेबलातली माहिती आणून पहिल्या टेबलाच्या शेजारी ठेवतो, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात तो अट पूर्ण करणारी प्रत्येक जोडी तयार करतो. डावीकडे एका कोडच्या दोन ओळी असतील आणि उजवीकडे तीन, तर जोड्या सहा होतात. यात संगणकाचं काही चुकत नाही. आपण जे सांगितलं तेच त्याने केलेलं असतं. म्हणून इथून पुढे सभासद कोडवर जे काही जोडलं जाईल, ते या ८१८ जणांच्या बाबतीत दोन-दोनदा चिकटणार आहे.

रात्री ८.१५ (१४ तास ४५ मिनिटं शिल्लक)

कपातीचं टेबल जोडलं. ५,०३६ च्या ७,८१२ ओळी झाल्या.

एक सभासद जवळून पाहू. कोड २१७४. या बाईंनी वर्षात गाईचं ३,६५० लिटर आणि म्हशीचं १,८२५ लिटर दूध घातलं. गाईचा फरक ७,३०० रुपये, म्हशीचा ५,४७५, एकूण १२,७७५. कपाती तीन आहेत: पशुखाद्याचे १,५०० आणि १,५०० असे दोन हप्ते आणि विम्याचे ६४०, एकूण ३,६४०. त्यांच्या हातात पडायला हवेत ९,१३५ रुपये.

दोन दूधप्रकार आणि तीन कपाती जोडल्यावर त्यांच्या सहा ओळी झाल्या. गाईच्या दुधासमोर तिन्ही कपाती आल्या आणि म्हशीच्या दुधासमोरही तिन्ही आल्या. वास्तवात विम्याच्या हप्त्याचा गाईच्या दुधाशी किंवा म्हशीच्या दुधाशी वेगळा असा काही संबंध नाही. दोघांचा संबंध फक्त सभासदाशी आहे. क्वेरीने मात्र दूध आणि कपात यांच्यात नसलेलं नातं निर्माण केलं.

रिलेशनल पद्धतीचा पाया घालणारे आयबीएमचे एडगर कॉड यांनी १९७० सालच्या आपल्या मूळ निबंधातच या जातीच्या फसगतीबद्दल सावध केलं होतं. अमका पुरवठादार अमका सुटा भाग पुरवतो आणि तो भाग अमक्या प्रकल्पात लागतो, एवढ्यावरून त्याच पुरवठादाराने त्याच प्रकल्पाला तो भाग पुरवला असा निष्कर्ष निघत नाही. मधल्या एका धाग्यावरून दोन टोकं बांधली की खोट्या जोड्या जन्माला येतात.

यावरचा उपाय सरळ आहे. आधी संकलनाची सभासदवार बेरीज करायची, म्हणजे प्रत्येक कोडची एकच ओळ राहते. कपातीचीही तशीच वेगळी बेरीज करायची. मग या दोन आवरलेल्या निकालांना सभासद टेबलाशी जोडायचं. असं करून कितीही टेबलं जोडली तरी ओळी ४,२१८ च राहतात. आधी बेरीज, मग जॉइन हा क्रम पाळला असता, तर पुढचे पावणेपंधरा तास वेगळे गेले असते.

रात्री ९.४० (१३ तास २० मिनिटं शिल्लक)

खात्यांचं टेबल जोडलं. ७,८१२ च्या ८,४३१ ओळी झाल्या.

इथली वाढ मुळीच रास्त नाही. एका सभासदाचं बिल एकाच खात्यात जातं, त्यामुळे या जॉइनने एकही ओळ वाढायला नको होती. पण आधीच दोनदा फुगलेल्या आकड्यात आणखी ६१९ ओळींची भर पडली, तर ती वेगळी उठून दिसत नाही.

या ओळी कुठून आल्या? बँकांच्या विलीनीकरणातून. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली आणि आंध्र व कॉर्पोरेशन या बँका युनियन बँकेत. पुढे जुने आयएफएससी कोड बंद झाले आणि बिलं वाटणाऱ्यांना खात्यांची माहिती बदलावी लागली. या संस्थेत ती दोन वाटांनी बदलली गेली. एकीकडे जुन्या ओळींतले कोड एकगठ्ठा बदलून नवे घातले. दुसरीकडे सभासदांनी नव्या पासबुकाची झेरॉक्स आणून दिली, तेव्हा ती नवी ओळ म्हणून चढवली. परिणामी ३३१ सभासदांच्या खात्यांच्या दोन ओळी झाल्या. नंबर तोच, आयएफएससी तोच. फक्त एकीत शाखेचं नाव ‘बाजारपेठ’ आणि दुसरीत ‘बाजारपेठ शाखा’.

कॉड यांच्या मांडणीत रिलेशन म्हणजे संच, त्यात एकच गोष्ट दोनदा असू शकत नाही. एसक्यूएलचं टेबल तसं आपोआप वागत नाही. सभासद कोडवर युनिकची अट घातली असेल तरच दुसरी ओळ चढवताना ते नकार देतं. ही अट घातलेली नव्हती.

अट नसली तरी शोध घेता येतो. खात्यांच्या टेबलावर सभासद कोडनुसार ग्रुप बाय करायचं आणि हॅविंगमध्ये काउंट एकापेक्षा जास्त अशी अट टाकायची. ३३१ कोड क्षणात समोर येतात. नवं टेबल जोडण्याआधी ज्या कोडवर जोडायचं तो तिथे एकमेव आहे का, हे दरवेळी अशा प्रकारे पाहून घ्यायला हवं. ते इथे पाहिलं गेलं नाही. कोड २१७४ च्या बाई त्या ३३१ जणांतल्याच आहेत आणि त्यांच्या ओळी आता बारा झाल्या आहेत.

रात्री १०.३० (१२ तास ३० मिनिटं शिल्लक)

आता बेरीज. बँकेच्या फाइलला कोड, नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि शाखेचं नाव लागतं, म्हणून या पाचही रकान्यांवर ग्रुप बाय केलं आणि दूधफरक व कपात यांची बेरीज काढली. एकूण वाटप पाच कोटींच्या पुढे गेलं.

कोड २१७४ च्या नावावर प्रत्येक खात्याच्या ओळीत दूधफरक तिप्पट, ३८,३२५ रुपये, आणि कपात दुप्पट, ७,२८० रुपये दिसते. हातात ३१,०४५. हे चूक आहे हे प्रोग्रामरला लगेच कळतं. तिने घाईत का होईना पण आकडा पाहिला आणि थांबली.

इथून दोन रस्ते फुटतात. पहिला रस्ता मागे जाणारा: ओळी कुठल्या जॉइनला वाढल्या ते शोधायचं. दुसरा रस्ता जादा ओळी दिसेनाशा करणारा: बेरजेत डिस्टिंक्ट घालायचं, म्हणजे एकाच रकमेची पुनरावृत्ती एकदाच धरली जाते. रात्र झालेली आहे, सकाळची वेळ दिलेली आहे. दुसरा रस्ता निवडला जातो.

डिस्टिंक्ट घातल्यावर कोड २१७४ चा दूधफरक १२,७७५ येतो. अगदी बरोबर. त्यामुळे उपाय लागू पडल्याची खात्री वाटते. पण कपातीत १,५०० चे दोन हप्ते होते. रक्कम सारखी असल्यामुळे डिस्टिंक्टच्या लेखी ती एकच कपात. ३,६४० च्या जागी २,१४० वळते झाले आणि हातात १०,६३५ आले. ते दोन हप्ते वेगवेगळ्या तारखांचे, वेगवेगळ्या पोत्यांचे होते, हे डिस्टिंक्टला कळण्याचा मार्गच नाही. त्याने फक्त किमती पाहिल्या.

डिस्टिंक्टचा योग्य उपयोग आहे. किती गावांतून दूध येतं, किती वेगळे सभासद आहेत, हे विचारायला ते हवंच. पण ओळी का वाढल्या हे माहीत नसताना त्या कमी करण्यासाठी ते वापरलं, की लक्षण जातं आणि आजार राहतो. आकडा विश्वासार्ह दिसायला लागला की पुढचा कोणीही तो पुन्हा तपासत नाही.

रात्री ११.२० (११ तास ४० मिनिटं शिल्लक)

लेखापालांचा निरोप येतो: फक्त मंजूर झालेल्याच कपाती धरा, अर्जावर निर्णय बाकी असलेल्या नकोत. सूचना योग्य आहे. प्रोग्रामर क्वेरीच्या शेवटी व्हेअरमध्ये एक अट लिहिते: कपातीची स्थिती ‘मंजूर’.

कपातीचं टेबल लेफ्ट जॉइनने जोडलेलं होतं. ज्यांची कपातच नाही असे सभासद निकालात राहावेत, एवढ्याचसाठी. त्यांच्या ओळीत कपातीचे रकाने रिकामे, म्हणजे नल येतात. आता व्हेअर प्रत्येक ओळीला विचारतं: स्थिती ‘मंजूर’ आहे का? नलच्या बाबतीत एसक्यूएलचं उत्तर ‘हो’ नसतं आणि ‘नाही’ही नसतं. ते ‘अज्ञात’ असतं. व्हेअर फक्त ‘हो’ असलेल्या ओळी ठेवतं. त्यामुळे मंजूर कपात नसलेले २९९ सभासद एका ओळीने यादीतून गेले. लेफ्ट जॉइन हा शब्द क्वेरीत तसाच आहे, पण तो आता इनर जॉइनसारखा वागतो आहे.

हीच अट व्हेअरमधून उचलून जॉइनच्या ऑनमध्ये ठेवली असती, तर अर्थ झाला असता: मंजूर कपाती असतील तर त्या जोडा, नसतील तरी सभासद ठेवा. शब्द तेच, फक्त जागा वेगळी. गेलेले २९९ लोक कोण आहेत? ज्यांनी वर्षभर उधारी केली नाही किंवा ज्यांची उचल अजून मंजूर व्हायची आहे ते. सगळं रोखीने भागवणारा सभासद बिलातून बाहेर पडला आणि कुठेही लाल अक्षरात संदेश आला नाही. जास्तीच्या ओळी निदान दिसतात. नसलेली ओळ पडद्यावर दिसू शकत नाही, तिला मोजूनच शोधावं लागतं.

रात्री ११.५० (११ तास १० मिनिटं शिल्लक)

अंतिम निकाल: ४,२३१ ओळी. एकूण २ कोटी ६४ लाख. प्रोग्रामर लेखापालांना फोन लावते.

“साहेब, ओळी ४,२३१ येतायत. सभासद ४,२१८ आहेत.”

“तेराच जास्त ना? या महिन्यात नवीन नोंदणी झालीय, ते असतील. रक्कम किती?”

“दोन कोटी चौसष्ट.”

“मग मंजुरीच्या आत आहे की. मॅडम, घरी जावा आता. सकाळी बघू.”

सगळ्या घटनाक्रमात हा दहा मिनिटांचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रोग्रामरने योग्य गोष्ट बोलून दाखवली होती. लेखापालांनी दिलेलं कारण ऐकायला पटण्याजोगं होतं. पण ते शक्यच नव्हतं. ४,२१८ हा आकडा ज्या सभासद टेबलातून आला, त्याच टेबलापासून क्वेरी सुरू होते. नवीन सभासद असते तर ते दोन्हीकडे मोजले गेले असते. सभासद टेबलावरून सुरू झालेल्या लेफ्ट जॉइनमध्ये त्या टेबलाबाहेरचा माणूस येऊच शकत नाही. तेव्हा एक जरी ओळ जास्त आली, तर त्याचा अर्थ एकच: कोणीतरी दोनदा आलं आहे.

आणि फरक लहान आहे म्हणून चूकही लहान आहे, हे गृहीतक तर फारच घातक. ओळींची संख्या ही दोन उलट्या चुकांची वजाबाकी असू शकते. हे पाहायला दोन आकडे शेजारी शेजारी हवेत: निकालातल्या एकूण ओळी आणि निकालातले वेगळे सभासद कोड. पहिला आला असता ४,२३१. दुसरा आला असता ३,९१९. हे दोन आकडे एकत्र पाहिल्यावर कोणीही फोन ठेवून झोपायला गेलं नसतं.

सकाळी ८.३० (२ तास ३० मिनिटं शिल्लक)

लेखापाल यादी हातात घेतात. वरचे पाच सभासद घेऊन कॅल्क्युलेटरवर हिशेब करतात. पाचही बरोबर येतात.

त्यांनी मनापासून तपासलं, पण नमुना फसवा होता. यादी कोडच्या क्रमाने आहे. सुरुवातीचे कोड जुन्या सभासदांचे, एकाच प्रकारचं दूध, एकच कपात, एकच खातं. अशा सभासदाच्या बाबतीत ही क्वेरी खरोखरच बरोबर आहे. चूक असते ती कडेच्या लोकांत: दोन्ही प्रकारचं दूध घालणारा, सारख्या रकमेच्या दोन कपाती असणारा, एकही कपात नसणारा, बँक बदललेला. या चार जातींचा प्रत्येकी एक सभासद निवडून तपासला असता, तर तिन्ही चुका चहा निवायच्या आत सापडल्या असत्या.

सकाळी ९.४५ (१ तास १५ मिनिटं शिल्लक)

बँकेच्या पोर्टलवर एकाने फाइल चढवायची आणि दोन पदाधिकाऱ्यांनी ओटीपी टाकून ती मंजूर करायची, अशी व्यवस्था आहे. चांगली व्यवस्था आहे. पण मंजुरी देणाऱ्याच्या पडद्यावर दोनच गोष्टी दिसतात, व्यवहारांची संख्या आणि एकूण रक्कम. ४,२३१ आणि २ कोटी ६४ लाख. दोन्ही अपेक्षेच्या जवळ. दोघेही ओटीपी टाकतात.

सकाळी १०.२० (४० मिनिटं शिल्लक)

एका संकलन केंद्राचे सचिव फोन करतात. त्यांच्याकडे केंद्रवार यादी छापून आली आहे. चार सभासदांची नावं त्यात नाहीत आणि तिघांची दोनदा आहेत. फोन घेणारा कर्मचारी कागदावर टिपून घेतो आणि सांगतो, “छपाईत गडबड झाली असेल, बिल झालं की बघतो.”

या फोनमध्ये सगळं होतं. गाळलेले सभासद आणि दुप्पट झालेले सभासद एकाच यादीत. फाइल अजून थांबवता येत होती. पण ही माहिती ज्या टेबलावर पोचली तिथे क्वेरी माहीत असलेलं कोणी नव्हतं, आणि क्वेरी जिने लिहिली तिच्यापर्यंत ती पोचली नाही.

सकाळी ११.००

१६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालतं आणि दर अर्ध्या तासाला एक बॅच सुटते. अकराच्या बॅचमध्ये ही फाइल जाते. एनईएफटीत पैसे जमा होतात ते केवळ खाते क्रमांकावर. प्रत्येक ओळीला वेगळा संदर्भ क्रमांक असल्यामुळे एकाच खात्यातल्या दोन जमा रकमा बँकेच्या दृष्टीने दोन वेगळे व्यवहार ठरतात. बॅच सुटल्यावर पैसे एकतर्फी परत घेता येत नाहीत. खातेदाराची संमती लागते.

दुपारी १.००

पहिले फोन पैसे न आलेल्यांचे. “शेजारच्याचं आलं, माझं का नाही?” संस्थेत गर्दी वाढते. बिल अडवलं, वशिल्याने वाटलं, असे आरोप सुरू होतात. उधारी न करणाऱ्यालाच पैसे नाहीत हे लोकांच्या लक्षात आल्यावर राग आणखी वाढतो.

त्या गर्दीत कोड २१७४ च्या बाई पासबुक घेऊन येतात. “साहेब, माझं नऊ हजार एकशे पस्तीस हुतं, मी मांडून ठेवलंय. दहा हजार सहाशे पस्तीस आल्यात, तेबी दोनदा.” त्यांच्या खात्यात २१,२७० रुपये आहेत, १२,१३५ जास्त. घरी वहीत केलेला त्यांचा हिशेब संस्थेच्या क्वेरीपेक्षा अचूक आहे, कारण त्यांनी दूध एकदाच आणि प्रत्येक हप्ता वेगळा धरला.

सायंकाळी ६.००

ताळमेळ पूर्ण होतो. ३१२ सभासदांना दोनदा पैसे गेले आहेत. २९९ जणांना काहीच मिळालेलं नाही. तीनशे बारा वजा दोनशे नव्व्याण्णव, तेरा. रात्री ज्या तेरा ओळी ‘नवीन सभासद’ म्हणून सोडून दिल्या, त्यांच्यामागे ६११ माणसं होती. खात्यांच्या दोन ओळी असलेल्या ३३१ पैकी उरलेले १९ जण त्या २९९ मध्येच सापडले. त्यांना दुप्पट मिळायचं होतं, मिळालं शून्य. यांशिवाय सारख्या हप्त्यांची कपात अर्धवट झालेले सभासद वेगळेच, आणि ते ओळींच्या संख्येतून कधीच दिसले नसते. त्यासाठी कपात टेबलातली मंजूर बेरीज आणि फाइलमधली कपातीची बेरीज ताडून पाहावी लागते.

जास्त गेलेले पैसे पुढच्या दहा दिवसांच्या बिलांतून हप्त्याहप्त्याने वळते होतील. राहिलेल्यांची फाइल रात्री नव्याने निघेल. पण वसुबारसेचा बाजार त्यांच्याविना उठलेला असेल, आणि संस्थेच्या हिशेबावर सभासदाचा जो विश्वास असतो तो पुरवणी बिलाने भरून येत नाही.

पुढच्या बिलाआधी

एवढ्या सगळ्याला नवं सॉफ्टवेअर किंवा महागडा सल्लागार लागत नाही. लागते ती शिस्त, आणि ती पाच पायऱ्यांची आहे.

क्वेरी लिहिण्याआधी एक ओळ म्हणजे काय आणि एकूण ओळी किती याव्यात, हे लिहून ठेवा. जोडायच्या प्रत्येक टेबलात तो कोड एकमेव आहे का ते आधी पाहा, आणि तो एकमेव असायलाच हवा असेल तर टेबलावर युनिकची अट घाला. एका सभासदाच्या अनेक ओळी असलेल्या टेबलांची आधी सभासदवार बेरीज करा, मग जोडा. प्रत्येक जॉइननंतर एकूण ओळी आणि वेगळे कोड हे दोन्ही आकडे मोजा, आणि ज्या जॉइनला ते बदलतील तिथेच थांबा. शेवटी निकालात कोण नाही, हे सभासद टेबलाशी ताडून काढा आणि रकमांची बेरीज मूळ टेबलाशी जुळवा. हे ताडून पाहताना नॉट इन वापरत असाल तर आतल्या यादीत एकही नल नाही ना, ते बघा. एक जरी असला तरी निकाल रिकामा येतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. कोड एका टेबलात ‘००७’ आणि दुसऱ्यात ‘७’ असे साठवलेले नाहीत ना, हेही बघा. मजकूर म्हणून ते दोन वेगळे कोड आहेत आणि ती माणसंही अशीच गळतात.

सहावी गोष्ट संगणकातली नाही, कार्यालयातली आहे. त्या रात्री प्रोग्रामरने तेराचा फरक दाखवून दिला होता. तिला तो वरिष्ठाच्या एका वाक्यावर सोडून द्यावा लागला, कारण वेळ दिलेली होती आणि थांबण्याचा अधिकार तिला नव्हता. सभासदांचे पैसे वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या ठरावात हे लेखी नमूद करावं: अपेक्षित ओळी आणि आलेल्या ओळी यांच्यातल्या एकेका ओळीचं कारण नावानिशी सांगता येत नाही तोवर फाइल बँकेत जाणार नाही, आणि ती थांबवण्याचा निर्णय क्वेरी लिहिणाऱ्याचा असेल.